माल थांबतो कोठे?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी जेव्हा मला विषय विचारला आणि मी 'मालवाहतूक आणि बंदरे' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरला. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, उद्या रंगभूमीवर होणार आहे; त्या दोहोंच्या मध्ये गोदी, गुदाम आणि वाघिणी म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत कोणी कच्चा कांदा वाढावा तसे व्हायचे. परंतु कांदाही कोठून तरी यावाच लागतो. तो लासलगावाहून निघतो, घाट उतरतो, तुर्भ्याला येतो, तेथून दादरच्या मंडईत, आणि मग तुमच्या ताटात. ह्या प्रवासात त्याची किंमत कोठे वाढते, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

मुंबईचा माणूस दिवसातून दहा वेळा बंदराचे नाव घेतो आणि त्याला समुद्र मात्र दिसत नाही. बोरीबंदर, मशीद बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर, हाजी बंदर, कोळसा बंदर ही सगळी एके काळी खरोखरीची बंदरे होती. मचवे आणि पडाव तेथे टेकत. आता तेथे रस्ते आहेत आणि पाणी कुंपणापलीकडे गेले आहे. या सभागृहातून निघून पूर्वेकडे चालत राहिलात तर कॉटन ग्रीन लागेल. तेथे हिरवळ नाही आणि आता कापूसही नाही. पूर्वी कापसाच्या गाठी कुलाब्याला पडत. शहराच्या त्या टोकाला गर्दी मावेना म्हणून माझगाव-शिवडीला समुद्र बुजवून काढलेल्या नव्या जमिनीवर कापसाचा बाजार नेला. ती भरणी १९०८ ते १९१२ या काळातली. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर लालबाग-परळ उठत असे, त्या गिरण्यांचे अन्न या वखारींतून येत असे. गिरण्या काय त्या डोळ्यांपुढे होत्या, म्हणून गिरणगावावर कथा-कादंबऱ्या झाल्या. गोदी भिंतीआड राहिली. तिच्याकडे आपल्या साहित्यिकांचे लक्ष फारसे गेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. असो.

मुंबई बंदराची कथा अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून सांगितली जाते. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईस लोटला. आगगाडी १८५३ मध्येच ठाण्यापर्यंत पोचली होती, १८६३ साली तिने बोरघाट चढला. पैसा इतका आला की, लोकांनी तो समुद्रात टाकायचे ठरवले. हे मी अलंकाराने बोलत नाही. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्याच कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बहुतेक बुडाल्या. त्यांपैकी एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती शहराचा पूर्व किनारा राहिला. तेव्हा सरकारला धास्ती पडली की, सबंध बंदराची किल्ली एका खाजगी मंडळीच्या कमरेला लटकली, तर उद्या ती म्हणेल ती पट्टी व्यापाऱ्याला द्यावी लागेल. सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

त्या वेळी आगबोटी किनाऱ्यापासून दूर नांगरून राहत आणि माल पडावांतून ये-जा करी. याचे कारण आपली भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरांचा, म्हणजे दीड मजल्याचा फरक पडतो. भरतीला धक्क्याला लागलेली बोट ओहोटीला चिखलात बसायची. यावर उपाय म्हणजे दरवाजाची गोदी. भरतीला दार उघडून बोट आत घ्यायची, दार लावायचे, बाहेरचे पाणी उतरले तरी आतले तसेच राहते. १८७५ मध्ये ससून गोदी झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, जिला आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. अलेक्झांड्रा गोदी खणताना जी माती-दगड निघाली, ती बाजूच्या समुद्रात टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली. बोटीतला माल यारीने उचलून थेट वाघिणीत ठेवायचा आणि वाघीण वडाळ्याहून देशभर जायची. ज्यांनी हे आखले त्यांच्या राज्याबद्दल आपले मत काहीही असो, एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती: गोदी, रूळ आणि वखार ही तीन कामे नव्हेत, ते एकच काम आहे.

आता या गोदीच्या दाराकडे पाहा. शंभर फूट रुंद. १९१४ साली एवढे दार म्हणजे चैन होती. पण १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकमालकाने एका जुन्या तेलवाहू जहाजावर अठ्ठावन्न पेटारे चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. कल्पना इतकी साधी की, ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचेच नवल वाटावे. पोती, खोकी, पिंपे एकेक करून चढवायची नाहीत. ट्रकवरचा पेटाराच्या पेटारा उचलायचा. पेटारे वाढले तशी जहाजे वाढली. आज सर्वांत मोठी जहाजे चारशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद असतात. आपले दार शंभर फूट, म्हणजे सुमारे तीस मीटर! घर ऐसपैस होते, दार लहान पडले. शिवाय मुंबईतून बाहेर पडायचे तर मालगाडीला लोकलगाड्यांच्या पायांतून वाट काढावी लागते. सकाळ-संध्याकाळ मालगाडीला थांबवायचे, कारण डोंबिवलीचा माणूस थांबू शकत नाही. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला नवे बंदर बांधले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले.

२०२४-२५ या वर्षात त्या बंदराने वीसफुटी पेटाऱ्यांच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. रोजचे वीस हजार. इकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही जुन्या गोद्या कंटेनर रचायला जागा हवी म्हणून बुजवल्या, बाहेर समुद्रात नवे धक्के बांधायचा करार २००७ मध्ये झाला, धक्के उभे राहिले, पण कंटेनर आले नाहीत. तेथून मोटारगाड्या परदेशी चढू लागल्या. माणसाने ज्या खड्ड्यासाठी एवढा घाम गाळला, तोच पुढच्या पिढीने भरून काढावा, हा बंदरांचा स्वभावच दिसतो.

अशा सुधारणेची किंमत कोण देते? गोदीत एक बोट रिकामी करायची, तर पूर्वी टोळ्यांच्या टोळ्या लागत. पाठीवर आकडा मारलेले पोते, डोक्यावर चुंबळ, आणि काम मिळेल की नाही ते सकाळच्या हाकेवर. पी. डिमेलो यांनी या माणसांची संघटना बांधली; १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. गोदीबाहेर, मशीद बंदरच्या धान्यबाजारात, सातारा-पाटण-जावळीकडचे गडी ओझी वाहत, रात्री गाळ्यात दाटीवाटीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील झिजले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्या हमालाला मालक कोण हेच ठाऊक नसे, त्याला मंडळाच्या वहीत नाव, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. आता पाहा: कंटेनर आला आणि जे काम शंभर पाठी करत, ते एक यारी करू लागली. ती तासाला पंचवीस-तीस पेटारे उचलते. मी यंत्राविरुद्ध बोलत नाही. कोणाच्याही पाठीवर शंभर किलोचे पोते असावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु त्या पाठीच्या मालकाचे पुढे काय, हा हिशेब यारीच्या खरेदीच्या कागदांत कधी मांडलेला आढळत नाही.

दुसरी किंमत जमिनीची. न्हावा-शेवा आणि नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना त्या भूखंडांची इरादापत्रे मिळू लागली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. गोळ्या लगेच सुटल्या, कागदाला तीस वर्षे लागली. आणि शेवा गावचे कोळी? त्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून नवी वस्ती दिली. ती घरे वाळवीने पोखरली. दशके उलटली तरी ते दुसरी जागा मागत राहिले. आपण ज्याला राष्ट्रीय मालवाहतूक म्हणतो तिच्या साखळीतला हाही एक दुवा आहे, आणि तो निखळला तरी जहाजे वेळेवर सुटतात म्हणून कोणाचे तिकडे लक्ष जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशात मालवाहतुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. पुढारी सांगत, व्यापारी सांगत, वर्तमानपत्रे छापत. व्याख्याते तर विचारूच नका, त्यांत मीही होतो. पुढे राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने नीट बसून हिशेब केला, तेव्हा २०२३-२४ साठी तो आठ टक्क्यांच्या आत, ७.९७ निघाला. याचा अर्थ सारे आलबेल आहे असा नव्हे. अर्थ एवढाच की, रोग्याचे वजन न करताच आपण त्याला औषध देत होतो. मोजमाप आधी आणि शंखनाद मागाहून, एवढे पथ्य मी तरी आता पाळतो.

आणि मोजायला गेले की जी गोष्ट उघडी पडते ती ही: माल चालतो तेव्हा त्याला पैसे पडतात, तसे तो उभा राहतो तेव्हाही पडतात. मुलुंड, दहिसर, वाशीच्या जकात नाक्यांवरच्या मालमोटारींच्या रांगा तुम्ही पाहिल्या आहेत. चालक खाली उतरून स्टोव्हवर भात शिजवी, इतका वेळ असे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. भिवंडीला गुदामांचे जे अरण्य वाढले, त्याचेही एक मूळ हेच: जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा. एका कराने एक शहर वसवले म्हणा ना. जकात गेली, पण भिवंडीचे रस्ते मात्र त्या गुदामांना अजून पुरे पडत नाहीत.

न्हावाशेव्यालाही हाच अनुभव. परदेशाहून आलेला कंटेनर जहाजातून उतरायचा, मग बंदराबाहेरच्या कंटेनर-आगारात जायचा, तेथे कस्टमचे कागद होईपर्यंत दिवसच्या दिवस पडून राहायचा, आणि मग मालकाच्या कारखान्याकडे निघायचा. त्या प्रत्येक दिवसाचे भाडे मालक भरी आणि अर्थात तुमच्या-आमच्याकडून वसूल करी. २०१६ पासून विश्वासू आयातदाराला बंदरातूनच थेट माल नेण्याची मुभा मिळाली. एक वीट रचली नाही, एक धक्का बांधला नाही, केवळ कागद आधी आणि जहाज नंतर असा क्रम लावला आणि दिवस वाचले. ज्यांचे उत्पन्न माल थांबण्यावरच होते, त्यांनी कुरकुर केली, ते स्वाभाविकच आहे.

माल थांबला की नुसता महागतो असे नाही. १४ एप्रिल १९४४ हा दिवस आठवतो अशी माणसे आता विरळा. फोर्ट स्टिकीन नावाची बोट व्हिक्टोरिया गोदीत लागली होती. पोटात स्फोटके, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत, आणि ती बोट आगीच्या धोक्याची निशाणी न लावता शहराच्या कुशीत उभी! दुपारी आग दिसली, चार वाजून गेल्यावर स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. मुंबई अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. म्हणून आजही त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. आणि आपण म्हणू की ते युद्धाचे दिवस होते, तर ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात काय झाले? जप्त केलेले अमोनियम नायट्रेट, सुमारे पावणेतीन हजार टन, वर्षानुवर्षे एका गुदामात पडून होते. ते कोणाचे, कोठे न्यायचे, हा पत्रव्यवहार चालू होता.

रेल्वेचे थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या मालाचा फार मोठा भाग रेल्वेने जाई. आज बहुतेक माल रस्त्याने जातो. न्हावाशेव्याच्या दाराबाहेर ट्रेलरची जी माळ लागते, ती याचीच खूण. दादरीपासून न्हावाशेव्यापर्यंत १,५०६ किलोमीटरचा केवळ मालगाड्यांसाठीचा पश्चिम मार्ग आखला, विजेच्या तारा उंच नेल्या, एकावर एक दोन कंटेनर ठेवून गाड्या धावू लागल्या. पण गुजरातची बंदरे त्याला आधी जोडली गेली आणि वैतरण्यापासून न्हावाशेव्यापर्यंतचा आपल्या पदरचा तुकडा सर्वांच्या मागे राहिला. दरम्यान कंटेनरच्या बाबतीत मुंद्रा आपल्या पुढे निघून गेले. यावर कोणी रागावून उपयोग नाही. माल भावना जाणत नाही, त्याला मोकळी वाट कळते. याउलट कोकण रेल्वेची एक युक्ती मला फार आवडते. १९९९ पासून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेला ट्रकच गाडीवर चढवून न्यायला त्यांनी सुरुवात केली. घाटाची वळणे, डिझेल, टायर, सगळे वाचले, आणि चालक आपल्या ट्रकमध्ये स्वस्थ झोपला.

मघाशी म्हटलेल्या पोर्ट ट्रस्टच्या गोष्टीकडे येतो. सरकारने त्या वेळी खाजगी हातांतून किनारा घेतला. १९९९ पासून न्हावाशेव्याचे कंटेनर-धक्के खाजगी कंपन्यांकडे जाऊ लागले आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेला शेवटचा धक्काही दिला. जमीन सार्वजनिक, धंदा खाजगी. मला यात तत्त्वतः वावगे दिसत नाही. यारी कोणी चालवावी याहून पट्टी कोण ठरवतो हे महत्त्वाचे. एल्फिन्स्टन कंपनीची धास्ती ज्यांनी घेतली ते काही समाजवादी नव्हते, पक्के व्यापारी होते.

आता वाढवण. डहाणूच्या किनाऱ्याला वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे. आपल्याकडे गाळ उपसून उपसून पंधरा मीटर मिळवावी लागते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात त्या बंदराची पायाभरणी झाली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. परंतु डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, आणि न्यायमूर्ती धर्माधिकारी ज्याचे अध्यक्ष होते त्या प्राधिकरणाने १९९८ साली याच जागेच्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. तेथील कोळी, बागायतदार विरोध करीत आले आहेत. माझे मत विचाराल तर, देशाला खोल बंदर हवे, हे मला मान्य आहे. लाल समुद्राचेच पाहा ना. २०२३ च्या अखेरीस तेथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडल्यापासून जी वाट आपण विसरलो होतो, ती पुन्हा धरली. दिंडोरी-निफाडची द्राक्षे थंड पेटाऱ्यात आणखी दहा-पंधरा दिवस बसून राहिली. अशा वेळी मोठे जहाज, खोल पाणी आणि लवकर सुटका यांवरच शेतकऱ्याचा भाव टिकतो. पण वाढवणच्या मच्छीमाराला 'तुझे पाहू नंतर' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही, कारण ते 'नंतर' कसे असते हे त्याने उरणला जाऊन पाहिले आहे. आधी त्याच्या वसाहतीचा, जाळ्याच्या जागेचा, मुलाच्या नोकरीचा कागद सही करून त्याच्या हाती पडू द्या. मग समुद्रात दगड टाका. कामाला एक-दोन वर्षे उशीर होईल असे म्हणतात. न्हावाशेव्याचा साडेबारा टक्क्यांचा उशीर तीस वर्षांचा होता.

राहिला आपला हा पूर्व किनारा. बंदराची जमीन मुंबई बेटाच्या आठव्या हिश्शाएवढी आहे असे सांगतात, आणि तिच्यावर बागा, इमारती, पर्यटक-बोटी यांचे नकाशे निघत असतात. बागा अवश्य करा, लालबाग-परळच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पण दोन धक्के मालासाठी राखा. कोकणातून आंबा, चिरा, मासळी समुद्राने येऊ शकते, ती पूर्वी येतच होती, आणि एकदा त्या जागेवर मनोरे उभे राहिले की मग धक्का परत मिळणार नाही.

ज्यांना माझे बोलणे पडताळून पाहायचे असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरावी. मागे वळून पाहिले की जुन्या गोदीच्या याऱ्या दिसतात, डावीकडे घारापुरीच्या पलीकडे न्हावाशेव्याच्या, दोन्ही एकाच नजरेत. मोऱ्याला उतरल्यावर उरणात हनुमान कोळीवाडा विचारा, रिक्षावाले नेतात.